बजेट एडिटिंग पीसीसाठी वेगवान आणि भरवशाची हार्डडिस्क कोणती घ्यावी?

कॅमेरावाली:

नमस्कार मंडळी. मी आणि माझा भाऊ कोल्हापुरात लग्नाच्या शूटिंगच्या ऑर्डरी घेतो, आणि सीझनमध्ये शाहू स्टेडियमवरच्या मॅचेस शूट करून हायलाइट्स बनवतो. आत्तापर्यंत मिक्सिंग (एडिटिंग) बाहेरून करून घ्यायचो, आता घरीच करायचं ठरवलंय. मॉनिटर आहे. बाकी असेंबल पीसी साठ हजारांच्या आत बसवायचाय. आय-५ १२४००, १६ जीबी रॅम आणि एच६१० चिपसेटचा मदरबोर्ड इथपर्यंत कोटेशन आलंय, घोडं अडलंय हार्डडिस्कवर.

राजारामपुरीत एका दुकानात म्हणाले, १ टीबी एनव्हीएमई (बोर्डावर थेट बसणारी वेगवान एसएसडी) टाका, विषय संपला. स्टेशन रोडला सांगितलं, २५६ जीबीची एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी) आणि जोडीला २ टीबीची साधी, फिरत्या तबकडीची हार्डडिस्क. अजून एकांनी सीसीटीव्हीवाली हार्डडिस्क सुचवली, चोवीस तास चालते म्हणून टिकते म्हणे.

आमचे दोन कॅमेरे फोरके १०० एमबीपीएसवर चालतात, तिसरा फुल एचडी ५० वर. एडिटिंग सॉफ्टवेअरपैकी भावाला एडियस येतं, मी डाविंची रिझॉल्व्ह शिकतेय. लग्न परत शूट करता येत नाही, त्यामुळे आम्हाला भरवसा आधी हवा, वेग नंतर. जाणकारांनी कृपया सांगावं.

जोतिबाच्या_वाटेवर:

ताई, डोळे झाकून एनव्हीएमई घ्या. जेन ४ म्हणजे चौथ्या पिढीची घ्या, सेकंदाला ७००० एमबीचा स्पीड मिळतो. साधी हार्डडिस्क आता कोण वापरतंय?

मिक्सिंगवाला:

ताई, कोटेशनवर सही करायच्या आधी थोडा हिशोब बघा, निम्मे प्रश्न त्यातच सुटतील.

कॅमेऱ्यावर १०० एमबीपीएस लिहिलेलं असतं ते मेगाबिट. आठाने भागलं की मेगाबाइट. म्हणजे तुमचा फोरके व्हिडिओ सेकंदाला साडेबारा एमबी मागतो, फुल एचडीवाला सव्वासहा. तिन्ही कॅमेरे मल्टिकॅममध्ये (सगळे अँगल एकाच वेळी) एकदम चालवले तरी ३१-३२ एमबीच्या वर मागणी जात नाही. ७२०० आरपीएमची साधी हार्डडिस्क सलग वाचताना दीडशे-दोनशे एमबी देते, साटा एसएसडी (साध्या हार्डडिस्कसारखी केबलने जोडायची) साडेपाचशे, जेन ३ एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत. आता सांगा, ७००० चा स्पीड कुठे खर्च होणार?

आणि एच६१० बोर्डावरचा एम.२ स्लॉट, म्हणजे एनव्हीएमई जिथे बसते ती खाच, मुळात जेन ३ आहे. जेन ४ ची एसएसडी त्यात बसेल, चालेल, पण धावेल जेन ३ च्याच वेगाने. वरचे पैसे फुकट. तेच पैसे कॅपॅसिटीत घाला.

टाइमलाइन अडखळते तेव्हा लोक हार्डडिस्कला शिव्या घालतात, पण एच.२६४ आणि एच.२६५ च्या (कॅमेरे व्हिडिओ दाबून साठवतात त्या पद्धतींच्या) बाबतीत बहुतेक वेळा अडतं ते डीकोडिंग. फाइल छोटी असते कारण ती घट्ट दाबलेली असते, आणि ती उलगडायचं काम प्रोसेसरचं किंवा ग्राफिक्सचं. म्हणून प्रोसेसर घेताना १२४०० च घ्या, १२४००एफ नको. एफवाल्यात आतलं ग्राफिक्स नसतं, आणि व्हिडिओ उलगडणारं इंटेलचं क्विक सिंक त्याच्यातच असतं. हजार-दोन हजार वाचतात म्हणून दुकानदार एफ सुचवतील. ऐकू नका.

एक्स्पोर्टचंही तेच. तयार होणारी फाइल ५० एमबीपीएसची असेल, तर डिस्कवर सेकंदाला सहा एमबी लिहायचे. ते काम कुठलीही डिस्क करेल. रेंडर लवकर व्हावं म्हणून महाग एसएसडी घेणाऱ्यांचे पैसे चुकीच्या ठिकाणी जातात.

जोतिबाच्या_वाटेवर:

मग एसएसडी घ्यायचीच नाही का? माझ्याकडे साध्या हार्डडिस्कवर मल्टिकॅम अजिबात चालत नव्हतं, एसएसडी टाकल्यावर चालायला लागलं. अनुभव आहे.

मिक्सिंगवाला:

दादा, तुमचा अनुभव बरोबर आहे, कारणही सांगतो. वरचा दीडशे-दोनशेचा आकडा एका फाइलीचं सलग वाचन धरून आहे. मल्टिकॅममध्ये डिस्कचं हेड तीन ठिकाणी पळत असतं, त्यात सॉफ्टवेअर वेव्हफॉर्म आणि थंबनेल बनवत असतं, विंडोजचं आपलं वेगळंच चालू. ७२०० आरपीएमच्या तबकडीला एक फेरा पुरा करायला आठ मिलिसेकंदांच्या थोडं वर लागतात, शिवाय हेड सरकायचा वेळ वेगळा. अशा प्रत्येक उडीला वेळ जातो आणि दीडशेचे वीस-तीस कधी होतात कळत नाही. एसएसडीला हेडच नाही.

त्यातून साधी डिस्क भरत जाते तशी मंदावते. बाहेरच्या कडेला वेग जास्त, आतल्या कडेला जवळजवळ निम्मा. नव्या डिस्कवर सुरळीत चाललेलं काम सहा महिन्यांनी रडायला लागतं ते यामुळेच.

तेव्हा चालू काम एसएसडीवर, हे नक्कीच. फक्त एसएसडी वेगाच्या आकड्यावर निवडू नका एवढंच म्हणणं. आत फ्लॅश कुठली आहे ते बघून निवडा.

उद्यमनगर:

फ्लॅशवर मी लिहितो, कारण इथेच लोक फसतात.

स्वस्त एसएसडीत बऱ्याचदा क्यूएलसी फ्लॅश असते, एका सेलमध्ये चार बिट. टीएलसीत तीन. क्यूएलसी स्वस्त पडते, पण थेट लिहिताना फार हळू. हे झाकायला कंपनी काही भाग वेगवान कॅशसारखा वापरते. कॅश आहे तोवर बॉक्सवरचा स्पीड मिळतो, ती भरली की खरं रूप दिसतं. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ १ टीबीचं उदाहरण घ्या. कॅश संपल्यावर लिहिण्याचा वेग ८० एमबीवर येतो, हे कंपनीच्याच माहितीपत्रकात आहे. म्हणजे साध्या हार्डडिस्कपेक्षाही कमी! वाचताना असा त्रास नाही, त्यामुळे गेम खेळणाऱ्याला हे कधी जाणवत नाही. लग्नाचे तीन कॅमेऱ्यांचे दोन-तीनशे जीबी एका बैठकीत ओतणाऱ्याला मात्र लगेच जाणवतं.

तपासायचं कसं? नवी एसएसडी लावली की दुसऱ्या एसएसडीवरून एखादं दोन-तीनशे जीबीचं मोठ्या फाइलींचं फोल्डर तिच्यावर कॉपी करायला लावा आणि विंडोजच्या कॉपीच्या खिडकीत 'मोअर डिटेल्स' उघडून हिरवा आलेख बघत बसा. सुरुवातीला आलेख वर सपाट चालतो. मग एका क्षणी कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो आणि तिथून पुन्हा सपाट. ती दुसरी सपाट रेघ म्हणजे तुमच्या एसएसडीचा खरा वेग. चांगल्या टीएलसीत ती रेघ काही शेकड्यांत राहते, हलक्या मालात शंभराच्या खाली बसते. दुकानातल्या टेबलावर ही टेस्ट करून मागा, देणारे देतात. कार्डावरून कॉपी करताना मात्र हे दिसणार नाही, कारण तिथे कार्डाचाच वेग कमी असतो.

आणखी एक. काही बजेट मॉडेलांत कंपनी आतली फ्लॅश आणि कंट्रोलर बदलत राहते, नाव तेच. तेव्हा "मित्राकडे हीच आहे, भारी चालते" यावर विसंबू नका. ज्या मॉडेलच्या माहितीपत्रकात टीएलसी असं स्वच्छ छापलंय आणि टीबीडब्ल्यूचा (एकूण किती टीबी लिहिता येईल याचा) आकडा दिलाय, तेच घ्या. १ टीबीला ६०० टीबीडब्ल्यू असेल तर उत्तम, ३०० च्या वर असेल तरी तुमच्या कामाला पुष्कळ. आठवड्याला अर्धा टीबी लिहिलात तरी वर्षाचे २६ टीबी होतात.

कॅमेरावाली:

हे फार कामाचं आहे, धन्यवाद. मग सीसीटीव्हीवाल्या हार्डडिस्कचं काय? आणि साधी हार्डडिस्क घेतलीच तर कुठली? दुकानात "सगळ्या सारख्याच" असं उत्तर मिळतं.

मिक्सिंगवाला:

सगळ्या सारख्या नाहीत, आणि या एका मुद्द्यावर माझा आग्रह आहे. सीएमआर की एसएमआर, हे विचारल्याशिवाय साधी हार्डडिस्क घेऊ नका.

सीएमआरमध्ये डेटाचे ट्रॅक शेजारी-शेजारी सुटे असतात. एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकावर एक थोडे चढवून बसवलेले असतात. जागा वाचते, डिस्क स्वस्त होते. पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ उचलावी लागते, तसं मधला एक ट्रॅक बदलायचा तर त्या पट्ट्यातले पुढचे सगळे पुन्हा लिहावे लागतात. एकदा भरून ठेवायला ठीक आहे. जुनी लग्नं पुसून नवी टाकत राहिलात, की भरपूर लिहिताना वेग कधीकधी दहा-वीस एमबीवर घसरतो आणि कॉपी तासन् तास रेंगाळते. २०२० मध्ये डब्ल्यूडीच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क ग्राहकांना न सांगता एसएमआर निघाल्या म्हणून जगभर गदारोळ झाला. त्यानंतर कंपन्यांनी कुठलं मॉडेल कुठल्या प्रकारचं याच्या याद्या प्रसिद्ध केल्या. दुकानातून मॉडेल नंबर फोटो काढून घ्या आणि कंपनीच्या यादीत बघा. सीगेट बाराकुडाची ३.५ इंची १ टीबी सीएमआर आहे, २ टीबी आणि ४ टीबी एसएमआर. नाव एकच, माल वेगळा. आयर्नवुल्फ मालिका पूर्ण सीएमआर आहे, पैसे थोडे जास्त पडतात.

सीसीटीव्हीवाली, म्हणजे डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक. ही सतत लिहिण्यासाठी बनवलेली असते, वॉरंटी साधारण तीन वर्षं. तुमच्या संग्रहासाठी चालेल, वाईट अजिबात नाही. तिच्यावर टाइमलाइन चालवायची अपेक्षा मात्र ठेवू नका. मॉडेल सीएमआर आहे ना, ते इथेही बघाच.

गंगावेस:

मी कॅमेरावालीताईंच्याच धंद्यातला. वेगाचं सगळं बरोबर चाललंय, पण ताईंनी पहिला शब्द भरवसा लिहिलाय. त्यावर कोणी बोलतच नाही, म्हणून मध्ये पडतो.

कुठलीही कंपनी घ्या, डिस्क जाते. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी स्वतःच्या लाखो हार्डडिस्कची आकडेवारी दर तिमाहीला जाहीर करते. त्यात सगळ्या कंपन्यांचा मिळून वर्षाचा बिघाड दीड टक्क्याच्या आसपास असतो. कमी वाटतो. पण तो आकडा थंड, धूळमुक्त, अखंड वीज असलेल्या खोलीतल्या डिस्कांचा आहे. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसातून कितीदा लाइट जाते बघा. आणि वॉरंटीत कंपनी डिस्क बदलून देते, त्यावरचं लग्न देत नाही.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर आठवा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. त्या दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीत आमच्या ओळखीच्या एका स्टुडिओत तळमजल्यावर पीसी, त्याच्याच शेजारच्या कपाटात बॅकअपच्या एक्स्टर्नल डिस्का. दोन कॉप्या होत्या, पण एकाच खोलीत. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर डिस्कच्या झाकणावरच्या बारीक श्वासछिद्रापर्यंत चिखल. आत साधी हवा असलेल्या हार्डडिस्कला ते छिद्र असतंच, आत पाणी तिथूनच शिरतं. त्यांनी एक डिस्क उन्हात वाळवून लावली, आणि हेड तबकडीवर खरवडत गेलं. भिजलेली डिस्क कधीही चालू करायची नाही. वाळवायचीही नाही, ओलसर असतानाच पिशवीत बंद करून रिकव्हरी लॅबला द्यायची, कारण वाळलेला गाळ तबकडीला धरून बसतो.

त्या स्टुडिओवर पार्ट्यांचे फोन यायचे तेव्हा तो माणूस फोन उचलायला धजायचा नाही. म्हणून ताई, पीसीचं बजेट थोडं कमी करा, पण दुसऱ्या कॉपीची डिस्क आजच्याच कोटेशनमध्ये धरा. पुढच्या महिन्यात घेऊ म्हटलं की ती राहते. आणि ती कॉपी नदीपासून लांब, उंचावर राहणाऱ्या नातेवाइकाकडे. कळंबा असो, आर. के. नगर असो, कुठेही.

उद्यमनगर:

गंगावेस दादांना पूर्ण अनुमोदन. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम हाच आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. ताईंच्या बाबतीत एसएसडीवर चालू काम, आतल्या मोठ्या हार्डडिस्कवर दुसरी प्रत, नातेवाइकाकडची तिसरी. आणि दुसऱ्या दोन प्रती पडताळून होईपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

कॉपी करताना टेराकॉपीसारखं सॉफ्टवेअर वापरा आणि व्हेरिफाय चालू ठेवा. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, पण प्रत मूळ फाइलीशी जुळते का ते कळतं. सोनी कॅमेऱ्याचं कार्ड असेल तर फक्त क्लिप उचलू नका, आख्खं प्रायव्हेट फोल्डर जसंच्या तसं घ्या.

जोतिबाच्या_वाटेवर:

दोन हार्डडिस्क रेडमध्ये (जोडून एकच ड्राइव्ह म्हणून) चालवल्या तर? वेग पण मिळेल, बॅकअप पण.

उद्यमनगर:

रेड ० मध्ये डेटा दोन्हीवर वाटून लिहिला जातो, वेग वाढतो, पण दोनपैकी एक गेली की दोन्हीवरचं सगळं जातं. रेड १ मध्ये दोन्हीवर तेच लिहिलं जातं, एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, पण चुकून डिलीट केलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी डिलीट होते. व्हायरसचं आणि पुराचंही तसंच. रेड हा बॅकअप नव्हे. शिवाय एच६१० चिपसेटमध्ये रेडची सोयच नाही.

पापाची_तिकटी:

साटा आणि एनव्हीएमई दोन्ही एम.२ च्या रूपात येतात, दिसायला जवळपास सारखे. बोर्डाच्या पुस्तकात बघितल्याशिवाय घेऊ नका. काही बोर्डांवर एम.२ मध्ये साटा एसएसडी लावली की एक साटा पोर्ट बंद पडतो.

कॅमेरावाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. भावालाही सगळं वाचून दाखवलं. आमचं असं ठरतंय: ५०० जीबी एनव्हीएमईवर विंडोज, सॉफ्टवेअर आणि कॅश. १ टीबी टीएलसी साटा एसएसडी चालू कामाला. ४ टीबी सीएमआर हार्डडिस्क आत, आणि ४ टीबीची एक्स्टर्नल मावशीकडे कळंब्याला. बजेट थोडं वर जातंय, म्हणून कॅबिनेट साधं घेतोय. हे बरोबर आहे का? की राजारामपुरीवाल्यांचं ऐकून एकच १ टीबी एनव्हीएमई घेऊन त्यातच सगळं करावं?

मिक्सिंगवाला:

वेगाच्या दृष्टीने एकच १ टीबी एनव्हीएमई पुरेल, त्यांचं चूक नाही. तरी मी वेगळं करायलाच सांगेन. विंडोज बिघडलं आणि सी ड्राइव्ह फॉरमॅट मारायची वेळ आली, तर अर्धवट लग्न त्याच ड्राइव्हवर अडकलेलं नको. आणि १ टीबीमध्ये विंडोज, कॅश आणि दोन लग्नं मिळून ती गच्च भरते. एसएसडी गच्च भरली की तिची कॅश आक्रसते आणि वेग पडतो. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा.

कॅबिनेट साधं चालेल. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) साधा नको, नावाजलेल्या कंपनीचा आणि ८० प्लस प्रमाणपत्रवाला घ्या. हलक्या एसएमपीएसने डिस्कच काय, बोर्डसुद्धा नेलेला बघितलाय. यूपीएस नसेल तर तोही लागेल, लिहिता लिहिता वीज गेली की फाइल सिस्टीम बिघडते. आतल्या सगळ्या डिस्क एनटीएफएस या फाइल सिस्टीममध्येच फॉरमॅट करा. एक्सफॅट अशा झटक्यांना जास्त कच्ची.

मावशीकडच्या डिस्कबद्दल एक. २.५ इंची पोर्टेबल डिस्क बहुतेक एसएमआर असतात आणि काहींत यूएसबीचं सॉकेट थेट बोर्डावर असतं, म्हणजे सॉकेट तुटलं की डेटा काढणं अवघड. तिथेही ३.५ इंची साधी सीएमआर डिस्क घ्या आणि यूएसबी डॉकमध्ये (उघडी डिस्क खोचायच्या स्टँडमध्ये) लावून कॉपी करा. आणि संग्रहाला एसएसडी वापरू नका, वीज न लावता वर्षानुवर्षं पडून राहायला ती बनलेली नाही.

उद्यमनगर:

घेताना जीएसटीचं पक्कं बिल आणि सिरीयल नंबर. सिरीयल कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी भारतात आहे का ते दुकानातच बघा, परदेशातून आलेला माल इथे बदलून मिळत नाही. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर लावून पॉवर ऑन अवर्स (डिस्क एकूण किती तास चालली) बघा, नव्या डिस्कवर शून्य किंवा एखादा तास हवा. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सर्व्हरमध्ये वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघडकीला आलं. त्यांचे हे तास पुसून शून्य केलेले होते, पण सीगेट डिस्कमध्ये आत वेगळी असते त्या फार्म नोंदीत खरे तास सापडले. सीगेट घेतलीत तर स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरने ती नोंदही वाचता येते.

नंतर महिन्यातून एकदा त्याच क्रिस्टलडिस्कइन्फोत ०५, सी५ आणि सी६ या खराब झालेल्या जागांच्या तीन ओळी बघत जा. तिन्हीकडे शून्य हवं. सी५ मध्ये आकडा दिसला आणि वाढायला लागला, तर त्या दिवशी दुसरं काम काढू नका, आधी डेटा हलवा.

गंगावेस:

रिझॉल्व्ह शिकताय म्हणून सांगतो. एडियसमध्ये प्रोजेक्ट फाइल तुम्ही ठेवाल त्या फोल्डरात असते, फुटेजसोबत तिचाही बॅकअप होतो. रिझॉल्व्ह प्रोजेक्ट स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं, आणि तो मुळात सी ड्राइव्हवर असतो. फुटेजच्या तीन प्रती असल्या तरी सी ड्राइव्ह गेला की केलेलं एडिटिंग गेलं. काम संपवून उठताना प्रोजेक्ट एक्स्पोर्ट करून फुटेजच्या फोल्डरात टाकायची सवय लावा.

कॅमेरावाली:

हे कुणीच सांगितलं नव्हतं, लिहून ठेवलं. शेवटचा प्रश्न. बाहेरच्या मिक्सिंगवाल्यांकडून जुने प्रोजेक्ट आणले की सगळ्या क्लिप ऑफलाइन दिसतात. डॉकमध्ये मावशीकडची डिस्क लावली की आमचंही असंच होईल का?

मिक्सिंगवाला:

होऊ शकतं. प्रोजेक्ट फाइलीत क्लिपचा पत्ता ड्राइव्हच्या अक्षरासकट असतो. काम ई ड्राइव्हवर केलं आणि दुसऱ्या दिवशी विंडोजने त्याच डिस्कला एफ अक्षर दिलं, की क्लिप ऑफलाइन. डिस्क मॅनेजमेंट उघडून चालू कामाच्या एसएसडीला पुढचं एखादं अक्षर कायमचं देऊन टाका, समजा व्ही. आतल्या हार्डडिस्कला एक्स, डॉकवरच्या डिस्कला वाय. पेनड्राइव्ह आणि कार्ड रीडर डी-ई-एफ घेत राहतात, ते या अक्षरांपर्यंत पोहोचत नाहीत.

फोल्डरांची नावंही तिन्हीकडे हुबेहूब तीच ठेवा. मग एसएसडी गेलीच, तर नव्या एसएसडीवर प्रत ओतायची, तिला व्ही अक्षर द्यायचं आणि प्रोजेक्ट उघडायचा. एकही क्लिप शोधत बसावी लागत नाही.